अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉल : खेळाडूची भूमिका, स्थलांतर आणि पाठीराख्यांच्या अपेक्षा

गोषवारा

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये गेल्या काही वर्षांत खेळाडूंच्या स्थलांतरावरील बहुतेक बंधने दूर झाली आहेत. त्यामुळे हंगाम संपताच कोणता खेळाडू राहील, कोणता जाईल आणि बाहेरून कोण येईल, याची चर्चा हा तेथील पाठीराख्यांच्या जीवनाचा नियमित भाग बनला आहे. ही चर्चा बहुधा खेळाडूच्या गुणवत्तेभोवती फिरते. प्रत्यक्षात मात्र संघाचे यश आणि खेळाडूचा निर्णय हे दोन्ही ‘भूमिका’ या मर्यादित साधनावर अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात भूमिकेचे गणित, स्थलांतर-नियमांची वाटचाल आणि अलीकडील काही संघांची उदाहरणे यांच्या आधारे हा संबंध स्पष्ट केला आहे. तसेच या सर्व चर्चेत मागे पडणाऱ्या ‘विद्यार्थी’ या भूमिकेकडे अध्यापकांचे लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : महाविद्यालयीन बास्केटबॉल, खेळाडूची भूमिका, स्थलांतर, पाठीराखे, श्रेयांक

१. प्रस्तावना

बास्केटबॉल हा खेळ मुळातच शिक्षणसंस्थेत जन्मलेला आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीए प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावा म्हणून तो रचला. पुढे १८९८ मध्ये नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. महाविद्यालयांमधील क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या संघटनेची स्थापना १९०६ मध्ये झाली. १९१० पासून ती ‘नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन’, संक्षेपाने एनसीएए, या नावाने ओळखली जाते. तिची पुरुषांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा १९३९ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. १९८५ मध्ये संघांची संख्या चौसष्ट व २०११ मध्ये अडुसष्ट झाली.

या स्पर्धेभोवती जो पाठीराखावर्ग उभा राहिला, त्याचे स्वरूप व्यावसायिक संघाच्या चाहत्यांहून वेगळे आहे. त्यात माजी विद्यार्थी असतात, अध्यापक असतात, आणि त्या महाविद्यालयात कधीही न शिकलेले गावकरीही असतात. केंटकी आणि कॅन्सस या राज्यांत सर्वोच्च व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनबीएचा, एकही संघ नाही. तेथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ ठरतो. लॉरेन्स येथील १९५५ मध्ये उघडलेले अॅलन फील्डहाउस असो वा लेक्सिंग्टन येथील १९७६ मधील रप अरीना असो, या वास्तूंना त्या परिसरात सार्वजनिक स्मारकाचे महत्त्व आहे. असा पाठीराखा संघाविषयी बोलताना ‘ते’ न म्हणता ‘आपण’ म्हणतो. पुढील हंगामात आपल्याकडे कोण असेल, ही त्याची चिंता घरच्या माणसाच्या चिंतेसारखी असते.

२. भूमिका म्हणजे काय?

मैदानावर एका संघाचे पाच खेळाडू असतात. पारंपरिक वर्गवारीनुसार त्यांत दोन गार्ड, दोन फॉरवर्ड व एक सेंटर असतो. पॉइंट गार्ड चाल रचतो, शूटिंग गार्ड दुरून बास्केट करतो, फॉरवर्ड आतबाहेर दोन्हीकडे खेळतात आणि सेंटर बास्केटजवळची जागा राखतो. आजच्या खेळात ही नावे बरीच सैल झाली आहेत. प्रशिक्षक आणि जाणकार पाठीराखे स्थानाऐवजी कामाच्या भाषेत बोलतात : चेंडू पुढे नेणारा कोण, सहकाऱ्याला मोकळीक मिळावी म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत स्क्रीन लावणारा कोण, कोपऱ्यातून तीन गुणांची फेक करणारा कोण, प्रतिस्पर्ध्यांतील सर्वोत्तम खेळाडूला रोखणारा कोण, आणि राखीव बाकावरून येऊन सामन्याची गती बदलणारा ‘सहावा खेळाडू’ कोण. भूमिका म्हणजे संघाने खेळाडूवर सोपवलेले हे काम, त्यासाठी दिलेला वेळ आणि चेंडूवर दिलेला अधिकार.

ही भूमिका अमर्याद नसते, हा येथील कळीचा मुद्दा आहे. पुरुषांचा महाविद्यालयीन सामना चाळीस मिनिटांचा असतो. पाच खेळाडू आणि चाळीस मिनिटे यांचा गुणाकार दोनशे. कोणत्याही प्रशिक्षकाजवळ वाटण्यासाठी नियमित सामन्यात दोनशेच मिनिटे असतात. पहिल्या पाच जणांना प्रत्येकी तीस मिनिटे दिली, तर दीडशे संपतात. पुढील तिघांना प्रत्येकी पंधरा दिली, तर उरतात पाच. संघात पंधरा खेळाडू असतील, तर उरलेल्या सात जणांच्या वाट्याला ही पाच मिनिटे येतात. हे सातही जण आपापल्या शाळेतील सर्वोत्तम खेळाडू असतात, हे विसरून चालणार नाही.

दुसरी मर्यादा चेंडूची. संघाची प्रत्येक चाल कोणीतरी एक खेळाडू संपवतो : फेक करून, फ्री थ्रो मिळवून किंवा चेंडू गमावून. एखादा खेळाडू मैदानावर असताना यांपैकी किती हिस्सा त्याच्याकडून संपतो, याला तेथील सांख्यिकीत चेंडू-वापराचे प्रमाण मानतात. पाच जणांचे प्रमाण मिळून शंभर टक्केच होते. म्हणजे सरासरी वीस. दोन खेळाडूंनी प्रत्येकी अठ्ठावीस टक्के घेतले, तर उरलेल्या तिघांसाठी चव्वेचाळीस टक्के, म्हणजे प्रत्येकी पंधराहूनही कमी उरतात. डीन ऑलिव्हर यांचे ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ हे पुस्तक २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर अशा प्रकारचे विश्लेषण अभ्यासकांपुरते न राहता सामान्य पाठीराख्यांच्याही बोलण्यात रुळले.

या दोन मर्यादांमुळे एक गोष्ट स्पष्ट होते. खेळाडूची गुणसरासरी ही त्याच्या अंगच्या कौशल्याइतकीच त्याला मिळालेल्या भूमिकेची नोंद असते. लहान महाविद्यालयात सामन्यामागे अठरा गुण करणारा खेळाडू मोठ्या महाविद्यालयात आला की त्याचे कौशल्य त्याच्यासोबत येते. त्याची भूमिका मात्र मागेच राहते.

३. स्थलांतराच्या नियमांची वाटचाल

एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाणे, ज्याला तेथे ‘ट्रान्सफर’ म्हणतात, पूर्वीही शक्य होते. पण ते महाग पडत असे. बास्केटबॉलसारख्या खेळात स्थलांतरित विद्यार्थ्याला नव्या संस्थेत सामान्यतः एक पूर्ण वर्ष सामन्यांबाहेर काढावे लागे. सेथ करी हा खेळाडू २००९ मध्ये लिबर्टी विद्यापीठातून ड्यूक विद्यापीठात गेला. २००९-१० चा हंगाम त्याला सराव करीत बसून काढावा लागला, आणि त्याच हंगामात ड्यूकने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. शिवाय, दुसऱ्या संस्थेशी बोलण्यापूर्वी मूळ संस्थेची परवानगी लागत असे. ती नाकारली गेल्यास नव्या ठिकाणी शिष्यवृत्ती मिळण्यात अडथळा येई.

१५ ऑक्टोबर २०१८ पासून ही पद्धत बदलली. परवानगीची जागा सूचनेने घेतली. विद्यार्थ्याने लेखी कळवल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचे नाव एका सामायिक संगणकीय नोंदवहीत, म्हणजे ‘ट्रान्सफर पोर्टल’मध्ये, घालणे संस्थेवर बंधनकारक झाले, त्यानंतर इतर प्रशिक्षक त्याच्याशी संपर्क साधू शकतात. एप्रिल २०२१ मध्ये एकदा स्थलांतर करून लगेच खेळण्याची मुभा सर्व खेळांतील विद्यार्थ्यांना मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये सात राज्यांनी दाखल केलेल्या दाव्यात वेस्ट व्हर्जिनियातील संघराज्यीय न्यायालयाने उर्वरित निर्बंधाला तात्पुरती मनाई केली. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएनेच शैक्षणिक अटी पूर्ण करणाऱ्यांसाठी स्थलांतरांच्या संख्येवरील बंधन काढून टाकले.

याच काळात पैशाचा प्रश्नही निकालात निघाला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध एकमताने निर्णय दिला. त्यानंतर १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव, छबी व ओळख यांच्या व्यापारी वापरातून कमाई करण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी मान्य झालेल्या हाउस खटल्यातील तडजोडीने महाविद्यालयांना १ जुलै २०२५ पासून खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक संस्थेची कमाल मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. पुरुषांच्या बास्केटबॉलमधील तेरा शिष्यवृत्त्यांची मर्यादाही जाऊन, तडजोड स्वीकारणाऱ्या संस्थांसाठी पंधरा खेळाडूंच्या संघाची मर्यादा आली.

पाठीराख्यांच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. पूर्वी तो तिकीट काढी, देणगी देई आणि वाट पाही. २०२१ नंतर देणगीदारांनी एकत्र येऊन स्थापन केलेले निधिगट थेट खेळाडूंशी करार करू लागले. पाठीराख्याची आशा ही आता अंशतः त्याची गुंतवणूकही झाली.

४. अपेक्षांची बेरीज आणि संघाचे वास्तव

वसंत ऋतूत पाठीराख्यांची चर्चा साधारणतः तीन टप्प्यांतून जाते. प्रथम, पदवी घेऊन किंवा एनबीएकडे जाणाऱ्यांमुळे किती जागा रिकाम्या झाल्या याची मोजदाद होते. नंतर, बाकावर बसलेल्यांपैकी कोण अस्वस्थ असेल याचा अंदाज बांधला जातो. शेवटी, पोर्टलमध्ये आलेल्या नावांतून आपल्याकडे कोणी यावे याच्या याद्या होतात. येथेच बेरजेचा मोह पडतो. सामन्यामागे सतरा गुण करणारे पाच खेळाडू आणले, तर कागदावर पंचाऐंशी गुण होतात. परंतु ते पाचही जण आपापल्या जुन्या संघात चेंडूचा सर्वांत मोठा वाटा उचलणारे असतात. तसे पाच वाटे एका संघात मावत नाहीत.

आर्कान्सॉ विद्यापीठाचा २०२३-२४ चा संघ हे याचे बोलके उदाहरण. मागील तीन वर्षे स्पर्धेत लांबवर गेलेल्या या संघाने अनेक नामवंत स्थलांतरित खेळाडू आणले, अपेक्षा मोठ्या होत्या. हंगाम मात्र १६ विजय आणि १७ पराभव असा संपला. अपयशाला नेहमी एकच कारण नसते, हे मान्य करूनही, अनेक चांगल्या खेळाडूंचा संच म्हणजे संघ नव्हे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

याउलट केंटकी विद्यापीठाचा २०२४-२५ चा संघ पाहावा. एप्रिल २०२४ मध्ये प्रशिक्षक जॉन कॅलिपारी आर्कान्सॉला गेले आणि मार्क पोप केंटकीला आले. मागील हंगामातील शिष्यवृत्तिधारक खेळाडूंपैकी कोणीही उरले नव्हते. पोप यांनी जे खेळाडू गोळा केले, त्यांत कामांची विभागणी दिसते. डेटनहून आलेला कोबी ब्रे आदल्या हंगामात तीन गुणांच्या फेकीच्या अचूकतेत देशात अग्रेसर होता. सॅन डिएगो स्टेटचा लॅमॉन्ट बटलर बचावासाठी प्रसिद्ध होता. ड्रेक्सेलहून आलेला सेंटर अमारी विल्यम्स बास्केट राखण्यासाठी ओळखला जाई. केंटकीत त्याच्याकडे चेंडू वाटण्याचेही काम आले. संपूर्ण अनोळखी असा हा संघ २०२५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत पोहोचला.

त्याच वर्षीचा विजेता संघ फ्लोरिडा विद्यापीठाचा होता. त्याच्या पहिल्या पाच जणांपैकी चौघे स्थलांतरित होते, पण ते एकाच वर्षी आले नव्हते. विल रिचर्ड २०२२ मध्ये बेलमॉन्टहून, वॉल्टर क्लेटन २०२३ मध्ये आयोनाहून, अलिजा मार्टिन व रूबेन चिन्येलू २०२४ मध्ये अनुक्रमे फ्लोरिडा अटलांटिक व वॉशिंग्टन स्टेट येथून आले. पाचवा अॅलेक्स कॉन्डन ऑस्ट्रेलियातून थेट प्रथम वर्षास दाखल झालेला. उपांत्य सामन्यात क्लेटनने ऑबर्नविरुद्ध चौतीस गुण केले. अंतिम सामन्यात ह्यूस्टनने त्याला पूर्वार्धात एकही गुण करू दिला नाही. त्या दिवशी सर्वाधिक, म्हणजे अठरा, गुण रिचर्डचे होते. क्लेटनने एकूण अकराच गुण केले, परंतु सहकाऱ्यांना बास्केटसाठी सात पास दिले आणि अखेरच्या क्षणी पुढे धावून ह्यूस्टनची निर्णायक फेक होऊ दिली नाही. फ्लोरिडाने सामना ६५-६३ असा जिंकला. मुख्य खेळाडूची नेहमीची भूमिका बंद पडली, तेव्हा त्याने दुसरी स्वीकारली आणि दुसऱ्याने त्याची उचलली. अशी देवाणघेवाण एका उन्हाळ्यात साधत नाही.

पर्ड्यू विद्यापीठाचा मार्ग आणखी निराळा. सव्वासात फुटांहून उंच झॅक एडी हा सेंटर शालेय वयात भरतीच्या याद्यांमध्ये फार खाली होता. दुसऱ्या वर्षी त्याला सेंटरची मिनिटे ट्रेव्हियन विल्यम्स या ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर वाटून घ्यावी लागली. तो गेला नाही. २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे तो देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्च २०२३ मध्ये अव्वल मानांकित पर्ड्यूचा सोळाव्या मानांकित फेअरली डिकिन्सनने ६३-५८ असा पराभव केला. तेव्हा त्या संघाच्या गार्डांची बाजू कमकुवत ठरल्याची टीका झाली. प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी संघ मोडला नाही. त्यांनी सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स हा एक अनुभवी, चपळ गार्ड आणला, आणि एप्रिल २०२४ मध्ये पर्ड्यू १९६९ नंतर प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचले. तेथे ते कनेक्टिकटकडून ७५-६० असे हरले. त्या विजेत्या संघातील ट्रिस्टन न्यूटन व कॅम स्पेन्सर हे दोन प्रमुख गार्डही स्थलांतरितच होते.

या उदाहरणांवरून स्थलांतर चांगले की वाईट, असा सरसकट निकाल देता येत नाही. मात्र पाठीराख्याने विचारावयाचा प्रश्न बदलतो. ‘हा खेळाडू किती चांगला आहे?’ याऐवजी ‘आपल्याकडे त्याच्यासाठी कोणते काम रिकामे आहे, आणि ते तो आनंदाने करील काय?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

५. दुसरी बाजू : लहान महाविद्यालये

मोठ्या संघाच्या पाठीराख्याची आशा ही अनेकदा लहान संघाच्या पाठीराख्याची निराशा असते. फ्लोरिडा अटलांटिक या तुलनेने लहान विद्यापीठाचा संघ २०२३ मध्ये अनपेक्षितपणे शेवटच्या चारांत पोहोचला. त्यातील प्रमुख खेळाडू आणखी एक वर्ष तेथेच थांबले. २०२४ मध्ये मात्र प्रशिक्षक डस्टी मे मिशिगनला गेले आणि संघ पांगला : व्लादिस्लाव गोल्डिन प्रशिक्षकामागोमाग मिशिगनला, जॉनेल डेव्हिस आर्कान्सॉला आणि मार्टिन फ्लोरिडाला. आयोनाचे प्रशिक्षक रिक पिटीनो २०२३ मध्ये सेंट जॉन्सला गेले आणि त्यांचा सर्वोत्तम खेळाडू क्लेटन आपल्या मूळ राज्यात परतला. लहान संस्था रोपे वाढवतात आणि फळे दुसऱ्याच्या अंगणात लागतात, ही तक्रार निराधार नाही.

तरीही तीत एक गोष्ट राहून जाते. वरील दोन्ही प्रसंगांत खेळाडूंच्या आधी प्रशिक्षक गेले. प्रशिक्षकाला संस्था बदलताना एक वर्ष घरी बसावे लागत नव्हते; विद्यार्थ्याला मात्र बसावे लागे. ही विषमता पाहता स्थलांतराचे स्वातंत्र्य न्याय्य आहे, असेच म्हणावे लागते. महिलांच्या खेळातही हेच दिसते. एंजल रीस २०२२ मध्ये मेरिलँडहून लुइझियाना स्टेटला गेली आणि २०२३ मध्ये त्या संघाने आयोवाला १०२-८५ असे नमवून विजेतेपद मिळवले. प्रतिस्पर्धी संघातील केटलिन क्लार्क आयोवातच राहून घडली. दोघींचे निर्णय भिन्न होते आणि दोन्ही विचारपूर्वक होते.

६. विस्मरणात जाणारी भूमिका

येथवरच्या विवेचनात खेळाडू हा विद्यार्थी आहे, याचा उल्लेख जवळजवळ आलेला नाही. पाठीराख्यांच्या चर्चेतही तो येत नाही. अध्यापकांसाठी मात्र हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे.

अमेरिकेत पदवीसाठी साधारणतः एकशेवीस श्रेयांक लागतात. एनसीएएने २००३ पासून दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी घातलेल्या अटीनुसार दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा चाळीस, तिसऱ्या वर्षाअखेर साठ आणि चौथ्या वर्षाअखेर ऐंशी टक्के भाग पूर्ण होणे आवश्यक ठरले. विद्यार्थी एकाच संस्थेत असेपर्यंत हा हिशेब सरळ असतो. संस्था बदलली की आधीचे कोणते श्रेयांक आपल्या पदवीत धरायचे, हे नवी संस्था ठरवते. श्रेयांक मान्य होतात, पण ते मुख्य विषयाऐवजी ऐच्छिक रकान्यात जातात; प्रयोगशाळेचा एखादा अभ्यासक्रम पुन्हा करावा लागतो; किंवा आवडीचा विषय सोडून जेथे श्रेयांक बसतील असा विषय निवडावा लागतो. दोन-तीन वेळा संस्था बदलणाऱ्याच्या बाबतीत हे नुकसान साचत जाते. नव्या संघात मिनिटे मिळाली नाहीत, तर पुढील वर्षी पुन्हा प्रयत्न करता येतो; वाया गेलेले सत्र परत मिळत नाही.

शैक्षणिक बाजूचा प्रत्यक्ष परिणाम खेळावर होऊ शकतो, याचेही उदाहरण आहे. शैक्षणिक प्रगतीचा निर्देशांक कमी पडल्याने कनेक्टिकटच्या पुरुष संघाला २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेता आला नाही. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, तो संघ विजेता झाला. नियमाला दात असले, तर पाठीराखे आणि प्रशिक्षक दोघेही वर्गातील उपस्थितीची चौकशी करू लागतात.

येथे वेळापत्रकाचाही विचार करावा लागेल. २०२५ मध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलसाठी पोर्टलची मुदत २४ मार्च ते २२ एप्रिल अशी होती. म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा चालू असताना आणि सत्रपरीक्षा तोंडावर आलेल्या असताना एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने फोनवरील आश्वासनांच्या आधारे आयुष्यातील मोठा निर्णय घ्यावयाचा होता. भूमिकेचे आश्वासन बहुधा तोंडी असते, आणि दोनशे मिनिटांच्या हिशेबात ते सर्वांना पाळता येणे शक्यच नसते.

आपल्याकडे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणाऱ्या विद्यार्थ्याचे स्थलांतर प्रमाणपत्र अध्यापकांच्या परिचयाचे आहे. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे विनियम केल्यानंतर श्रेयांक एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेण्याचा विषय आपल्यापुढेही आला आहे. आपल्या महाविद्यालयीन खेळात असा बाजार नाही. तरी श्रेयांक साठवणे आणि ते हव्या त्या पदवीत मोजले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा अमेरिकी खेळाडूंचा अनुभव आपल्या समितीकार्यासाठी निश्चितच उपयोगी आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) संघातील मिनिटे व चेंडूचा वापर या दोन्ही बाबी मर्यादित असल्यामुळे खेळाडूची भूमिका हीच खरी दुर्मीळ वस्तू आहे. स्थलांतराचे मूळ बहुतांशी या दुर्मीळतेत आहे.

२) नियम शिथिल झाल्याने भूमिकांची संख्या वाढलेली नाही, त्या शोधण्याचे स्वातंत्र्य वाढले आहे. हे स्वातंत्र्य न्याय्य आहे, परंतु त्यातून प्रत्येकाला मोठी भूमिका मिळेल, ही अपेक्षा मात्र अंकगणितात बसत नाही.

३) गुणसरासरींची बेरीज करून संघाचे भविष्य सांगता येत नाही. कामांची पूरकता आणि एकत्र घालवलेला काळ यांना अधिक महत्त्व आहे.

४) कोण राहील, कोण जाईल आणि कोण येईल, या पाठीराख्यांच्या तीन प्रश्नांना चौथा जोडला पाहिजे : जो येईल त्याचे किती श्रेयांक त्याच्या पदवीत धरले जातील? हा प्रश्न पाठीराखे आपणहून विचारणार नाहीत. तो विचारणे, आणि खेळाडूने होकार देण्यापूर्वी त्याचे लेखी उत्तर त्याच्या हाती देणे, हे अध्यापकांचे काम आहे. संघातील भूमिका प्रशिक्षक ठरवतो व बदलतो. विद्यार्थ्याची भूमिका टिकवण्याची जबाबदारी वर्गातील शिक्षकावर येते.